आधणाआधीचे दोन तास: काँगोतल्या एका गावात कोन्झो कसा थांबला

कोन्झो झालेल्या माणसाचे पाय एकाएकी ताठ होतात. काल शेतावर जाऊन आलेली बाई आज उभी राहताना थरथरते, पाय एकमेकांत अडकतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. जे व्हायचं ते आठवड्याच्या आत होऊन जातं. त्यानंतर आजार वाढत नाही आणि बराही होत नाही. कुणी एका काठीवर चालतं, कुणी दोन काठ्यांवर, कुणाला जन्मभर सरपटावं लागतं. यावर औषध नाही, त्यामुळे या प्रकरणात उपचाराबद्दल लिहिण्यासारखं फार थोडं आहे.

गाव डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगोच्या नैर्ऋत्येला, क्वांगो भागातल्या पोपोकाबाका आरोग्यक्षेत्रात आहे. त्याचं नाव शोधनिबंधांत छापलेलं आहे, पण इथे घेत नाही. पाय गेलेली माणसं तिथे आजही राहत असतील. काम सुरू झालं २०१० मध्ये. किन्शासाच्या राष्ट्रीय पोषण कार्यक्रमाचे डॉ. ज्याँ-पिएर बानेआ आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांचा गट त्यामागे होता.

पार्श्वभूमी

क्वांगोची जमीन वाळूची, हलकी. तिथे भरवशाचं पीक एकच, कसावा. तोही कडू जातीचा. कडू का, तर त्याला उंदीर-डुकरं सहसा लागत नाहीत, चोर उपटून जागच्या जागी खाऊ शकत नाही, आणि कंद जमिनीतच कितीतरी महिने टिकतो. ज्याच्या घरी कणगी नाही त्याच्यासाठी शेत हीच कणगी. बाहेरून आलेला तज्ज्ञ या कडूपणाकडे दोष म्हणून बघतो. पिकवणाऱ्याला तो गुण वाटतो, आणि त्याचं म्हणणं चूक नाही.

आपल्याकडे हा कंद परका वाटतो, पण उपासाची खिचडी त्याचीच. तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत कंद किसून, धुऊन, सत्त्व तळाशी बसवून साबुदाणा तयार होतो, आणि त्या किसण्याधुण्यातच विष निघून जातं. क्वांगोतल्या घरात कारखाना नाही. तिथे कंद सोलून पाण्यात भिजत घालतात, वाळवतात, कुटून पीठ करतात आणि उकळत्या पाण्यात ते पीठ घोटून फुफू करतात. तोंडी लावायला बहुधा कसाव्याचाच कुटलेला पाला.

विषाची गोष्ट अशी. कंदात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकरही (एन्झाइम) त्याच कंदात असतं, पण वेगळ्या कप्प्यात. कंद चिरला, भिजला, कुजला की दोघांची गाठ पडते आणि सायनाइड वायू होऊन उडून जातो. कंद तीन-चार रात्री पाण्यात राहिला तर बहुतेक विष निघतं. एकच रात्र राहिला तर पिठात बरंच उरतं. कोरड्या पिठात विष आणि विकर शेजारीशेजारी असतात, पण पाणी नसल्याने काही घडत नाही. तेच पीठ थेट आधणात टाकलं की उष्णतेने विकर मरतं आणि लिनामरिन तसंच पोटात जातं. त्यातलं काही आतड्यातले जीवाणू फोडतात, आणि सायनाइड शरीरात मोकळं होतं.

शरीर हे विष निकामी करू शकतं. गंधक वापरून त्याचं थायोसायनेट बनवतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. पण ते गंधक प्रथिनांतून यावं लागतं. मासे, मांस, अंडी यांत ते भरपूर असतं, कडधान्यांत काही प्रमाणात असतं. कसाव्याच्या पाल्यात प्रथिनं आहेत, नेमकी गंधकवाली कमी आहेत. म्हणजे ताटात दोन्ही वेळा कसावाच असेल तर विष जास्त आणि उतारा कमी, अशी दुहेरी कोंडी होते. मज्जासंस्थेला इजा नेमकी कोणत्या वाटेने होते यावर अजून वाद आहेत, पण या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोन्झो येतो, हे वारंवार दिसलं आहे. तो मुख्यतः मुलांना आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना गाठतो. अंगावर पिणारी बाळं सहसा वाचतात.

याच क्वांगोत १९३८ मध्ये ट्रोली या वसाहतकाळातल्या डॉक्टरने आजाराची पहिली नोंद केली. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला आणि अकराशेहून अधिक माणसं अशीच लुळी झाली. त्या साथीचा माग काढणाऱ्यांत हान्स रोझलिंग होते, पुढे जगाच्या आकडेवारीवरच्या व्याख्यानांमुळे सगळ्यांना माहीत झालेले. म्हणजे कारण कळून तीन दशकं होत आली होती. २०१० पर्यंत रुग्ण निघतच होते.

अडचण नेमकी कुठे होती

अडाणीपणा हे सोपं उत्तर इथे लागू पडत नाही. कंद किती दिवस भिजवायचा हे क्वांगोतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. १९९० च्या आसपास बानेआ आणि स्वीडनचे थॉर्किल्ड टिलेस्कर यांनी त्या वेळच्या झैरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, बांदुंदू प्रांतात (क्वांगो तेव्हा त्याच प्रांतात होता) पाहणी केली तेव्हा निघालेलं कारण असं होतं की राजधानीकडे जाणारा डांबरी रस्ता झाला. ट्रक येऊ लागले, कसावा रोख पैशाचं पीक झाला, आणि माल लवकर निघावा म्हणून भिजवण्याच्या रात्री कमी होत काही घरी एकावर आल्या. विकायचा माल आणि घरचा माल एकाच डोहात भिजत होता.

रस्ता आला की आरोग्य सुधारतं, असं आपण धरून चालतो. इथे रस्त्यानेच आजार आणला. अर्थात रस्त्याला दोष देऊन काही साधत नाही. त्या पैशातून मीठ, साबण, शाळेची फी येत होती.

या गावात २०१० पर्यंत कोन्झोचे तीसहून जास्त रुग्ण झाले होते. नवे रुग्ण मुख्यतः कोरड्या ऋतूत निघत. तेव्हा शेतात दुसरं काही नसतं, कसाव्यावरच भागवावं लागतं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सगळ्यात सरळ: पुन्हा चार रात्री भिजवा असं सांगायचं. शास्त्र याच्याच बाजूने आहे आणि खर्च शून्य. पण ज्या घरात उद्याचं पीठ नाही त्या घराला चार रात्री थांब म्हणणं म्हणजे तीन दिवस उपाशी राहा म्हणणं. आणि जिथे ट्रक येतो तिथे ते सांगणं म्हणजे हातातला व्यवहार सोड म्हणणं. हा सल्ला अनेक ठिकाणी दिला गेला होता, चुकीचा नव्हता, फक्त टिकत नव्हता.

दुसरा: गोड जातीची लागवड. ऐकायला छान. पण गोड कंद डुकरं-उंदीर खातात, आणि नव्या जातीच्या कांड्या सगळ्या गावात पोचून पीक हाती यायला वर्षं जातात. शिवाय अवर्षणात एरवी सौम्य असलेल्या कंदातही विष वाढतं.

तिसरा: आहार सुधारणं. शेंगदाणा, चवळी, मासे, कोंबड्या. मुळावरचा घाव हाच. पण यासाठी जमीन, पाणी, बाजार, पैसा, सगळंच बदलावं लागतं, आणि पुढच्या कोरड्या ऋतूच्या आत ते होणार नव्हतं.

चौथा पर्याय ब्रॅडबरी यांच्या प्रयोगशाळेतून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला: पीठ शिजवण्याआधी ओलं करून ठेवायचं. तयार पिठात विष आणि विकर दोन्ही असतातच. पाणी घालून त्यांची गाठ घालून द्यायची आणि वायूला बाहेर पडायला वेळ द्यायचा. विष तिपटीपासून सहापटीपर्यंत कमी होतं.

निवड चौथ्याची झाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच, आणि तो रसायनशास्त्राचा नाही. भिजवण्याच्या टप्प्यावर बाजाराचा, नवऱ्याचा, ट्रकवाल्याचा दाब असतो. पीठ एकदा घरात आलं की ते फक्त तिथल्या बाईच्या हातात असतं. कुणाची परवानगी नको, विकायच्या मालाला हात लावायला नको, आणि जेवणाची वेळ त्याच दिवसाची राहते.

काय केलं

कृती अशी. पसरट भांड्यात कोरडं पीठ घ्यायचं, वरून सपाट करायचं आणि भांड्याच्या आतल्या बाजूला त्या पातळीची खूण करायची. मग थोडं थोडं पाणी घालत कालवायचं. आधी पीठ बसतं आणि पातळी खाली जाते, पाणी वाढलं की पुन्हा वर चढते. खुणेला आली की पाणी बंद. हे ओलं पीठ चटईवर पातळ पसरायचं, थर एक सेंटिमीटरच्या आत. उन्हात दोन तास, सावलीत पाच. मग त्याच दिवशी नेहमीसारखं फुफू.

त्या खुणेचं मला विशेष वाटतं. मापाचा पेला नाही, तराजू नाही, घड्याळही सक्तीचं नाही. पिठाचं प्रमाण घरोघर वेगळं असलं तरी पाणी बरोबर पडतं. कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून विचार केल्याशिवाय असं सुचत नाही.

गावातल्या काही बायकांना आधी शिकवलं, त्यांनी पुढे इतरांना. घरटी प्लास्टिकचं भांडं आणि चटई दिली, चित्रांचे प्लास्टिक लावलेले तक्ते वाटले. भांडी फुकट द्यावीत की नाही यावर अशा कामांत नेहमी घासाघीस होते: फुकट दिलेलं टिकत नाही, सवय लागते वगैरे. इथे दिली, आणि ते बरोबर होतं असं वाटतं. पीठ पसरायला चटईच नसेल तर ते ढिगात राहतं, वायू आतच अडकतो आणि मेहनत वाया जाते.

दुसरा महत्त्वाचा निर्णय मोजमापाचा. नुसते नवे रुग्ण मोजले असते तर निष्कर्षाला वर्षं लागली असती, कारण एका गावात वर्षाला निघणारे रुग्ण थोडेच. म्हणून दोन गोष्टी तपासत राहिले: घरातल्या पिठातलं सायनाइड आणि शाळकरी मुलांच्या लघवीतलं थायोसायनेट. पिठाला पिक्रेट हे रसायन लावलेला कागद वापरतात. पिवळा कागद सायनाइड असेल तितका तपकिरी होतो. ही चाचणी गावात बसून करता येते आणि बायकांना डोळ्यांनी दिसते. न दिसणाऱ्या विषाबद्दल बोलताना हे फार कामाला येतं. नुसत्या भाषणापेक्षा रंग बदललेला कागद बरा.

काय झालं

काम दीड वर्ष चाललं. त्या काळात गावात कोन्झोचा एकही नवा रुग्ण निघाला नाही. मुलांच्या लघवीतलं थायोसायनेट खाली आलं. बायकांनी पद्धत उचलली. त्याचं एक कारण आरोग्याशी संबंधित नव्हतंच: ओलवलेल्या पिठाच्या फुफूला कडवटपणा राहत नाही. चव सुधारली म्हणून जे टिकतं ते सल्ल्यावर विसंबून राहत नाही. कानोकानी ही रीत शेजारच्या तीन गावांत पोचली.

काम बंद झाल्यावर वर्षाहून अधिक काळाने गट परत गेला. पद्धत चालू होती, नवे रुग्ण नव्हते. बाहेरचा पैसा आणि माणसं निघून गेल्यावर काय उरतं, हे बघायला फारसं कुणी परत जात नाही. म्हणून ही फेरी मला पहिल्या दीड वर्षाइतकीच मोलाची वाटते.

पुढे क्वांगोतल्याच बोको आरोग्यक्षेत्रात काम वाढलं. एकूण तेरा गावं, जवळपास १०,००० माणसं. प्रत्येक ठिकाणचा कालावधी दीड वर्षावरून नऊ महिन्यांवर आला आणि खर्च माणशी १६ डॉलरपर्यंत उतरला. जन्मभराचं अपंगत्व टाळायला ही रक्कम फार नाही. पण ज्या देशाच्या आरोग्यखात्याला लशी पोचवायला पैसे पुरत नाहीत, त्याच्यासाठी ती लहानही नाही.

एक गोष्ट या हिशेबात येत नाही. दक्षिणेला काहेंबा भागात मायकल बोइव्हिन आणि देझिरे त्शाला-काटुंबाय या संशोधकांच्या गटाने मुलांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या, त्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कोन्झो झालेली मुलं मागे होतीच. पण त्याच गावांतली, पाय धड असलेली मुलंही कोन्झो नसलेल्या गावातल्या मुलांपेक्षा मागे होती. म्हणजे विष पायांवर दिसण्याआधीच डोक्यावर परिणाम करत असावं. तसं असेल तर पीठ ओलं करण्याचा फायदा टळलेल्या रुग्णांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पुन्हा करायचं तर

तुलनेसाठी दुसरं गाव ठेवलेलं नव्हतं. कोन्झोच्या साथी स्वतःहूनही ओसरतात, तेव्हा रुग्ण थांबले ते पद्धतीमुळेच, असं म्हणायला लघवीच्या तपासणीचा आधार घ्यावा लागतो. तो आधार भक्कम आहे. पण शेजारच्या गावातल्या मुलांना मुद्दाम वर्षभर विष खाऊ द्यायचं का, हा प्रश्नही खरा आहे. गावागावांत टप्प्याटप्प्याने काम सुरू करून उशिरा सुरू होणाऱ्या गावांशी तुलना करणं, हा मधला मार्ग होता. तेरा गावांच्या वेळी तो सहज जमला असता.

दुसरं, या पद्धतीने विष कमी होतं, उतारा वाढत नाही. ताटात गंधकवालं प्रथिन तेवढंच राहतं. इथे विदर्भाची आठवण अपरिहार्य आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे लाखोळीची डाळ, अवर्षणात तगणारी आणि स्वस्त. दुष्काळात तीच मुख्य अन्न झाली की पाय तसेच ताठ होतात, तसेच कायमचे. मध्य प्रदेशात रीव्याकडे वेठबिगारांना मजुरीच लाखोळीच्या रूपात मिळे आणि लुळेपण त्यांच्याच वाट्याला येई. तिथेही उपाय होते: १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली, गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकण्याची रीत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवली. बंदीने पेरणी थांबली नाही, आणि गरम पाण्याची रीत घराघरांत रुजली नाही. सरपण कुठून आणायचं? आजार ओसरला तो मुख्यतः ताटात दुसरं धान्य आल्यामुळे आणि मजुरी पैशात मिळू लागल्यामुळे. क्वांगोची पद्धत या बाबतीत नशीबवान: ती ऊन मागते, सरपण मागत नाही. पण लाखोळीचा अनुभव सांगतो की आहाराचा तिसरा पर्याय कायमचा बाजूला ठेवता येत नाही. कडधान्याचं बियाणं आणि कोंबड्या यांचं छोटं काम पहिल्याच वर्षी जोडलं असतं तर ते वाढायला दीड वर्ष मिळालं असतं.

तिसरं, बाईचा वेळ. दोन तास पीठ पसरून ठेवणं म्हणजे दोन तास काम करणं नव्हे, हे खरं. पण जेवण दोन तास आधी ठरवावं लागतं, कोंबड्या-शेळ्या हाकाव्या लागतात, पाणी आणावं लागतं. शेतावरून अंधार पडता पडता आलेल्या बाईने काय करायचं? सकाळीच पीठ ओलवून, पसरून वाळू द्यायचं, हे एक उत्तर आहे. ते तक्त्यावर ठळक असायला हवं.

चौथं, जे आधीच लुळे झाले त्यांना या कामातून जवळजवळ काही मिळालं नाही. टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) लांब करण्याची शस्त्रक्रिया, व्यायाम, योग्य उंचीच्या कुबड्या यांनी चालणं सुधारतं. भांडी वाटायला गाडी जातेच, तिच्यात कुबड्याही जाऊ शकल्या असत्या. आणि गावाने ज्यांच्याकडे बघून पद्धत स्वीकारली, त्यांनाच रिकाम्या हाताने ठेवणं बरं दिसत नाही.

पाचवं, पळापळीचा काळ. मोझांबिकमध्ये १९९२-९३ च्या सुमारास युद्धामुळे पळापळ झाली तेव्हा कोन्झो पुन्हा उसळला. घर सोडून पळणारं कुटुंब भिजवण्याच्या डोहापाशी थांबत नाही, आणि बरोबर चटई नेत नाही. छावणीत धान्यासोबत भांडं, चटई आणि चित्राचा तक्ता द्यायची तयारी आधीपासून हवी.

पैशाचा प्रश्न या सगळ्यांवर बसलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत कोन्झो नाही. नोमा हा चेहरा खाऊन टाकणारा, गरिबी आणि कुपोषणातूनच येणारा आजार डिसेंबर २०२३ मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने त्या यादीत आला. यादीत येणं म्हणजे उपचार नव्हे, पण देणगीदाराच्या अर्जात रकाना तयार होतो. कोन्झो जंतूने होत नाही, पसरत नाही, विमानतळावर कुणाला घाबरवत नाही.

यादीची वाट न बघता करण्यासारखं एक काम आहे. लघवीतलं थायोसायनेट लिटरला ३५० मायक्रोमोलच्या वर असलेल्या मुलांचं प्रमाण ज्या गावात जास्त, तिथे कोन्झोही जास्त, हा संबंध बानेआ-ब्रॅडबरी यांच्याच गटाने क्वांगोत दाखवून दिला आहे. दरवर्षी कोरडा ऋतू लागताना आरोग्यक्षेत्रातल्या प्रत्येक शाळेतून चाळीस-पन्नास नमुने घेतले तर भांडी आणि चटया आधी कोणत्या गावाला न्यायच्या, हे पहिला रुग्ण निघण्याआधी ठरवता येतं. नमुने शाळेचा शिक्षकही गोळा करू शकतो, आणि लघवीची कागदाची चाचणी पोपोकाबाकासारख्या ठिकाणच्या परिचारिकेला एका दिवसात शिकवता येते.